वाचकांचे प्रश्न : आठ विहिरी, साठ कण आणि एरर बार

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे, ती म्हणजे फील्डवरून मोजकीच सँपल आणता येतात, त्यांची सरासरी किंवा कल काढणं सोपं असतं, पण त्या आकड्यावर कितपत भरवसा ठेवायचा हे सांगताना सगळे अडतात. यासाठी रीसॅम्पलिंग, म्हणजे हातातल्याच डेटामधून पुन्हा पुन्हा सँपल काढून अनिश्चितता मोजणं, ही पद्धत फार कामाची आहे, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : सर नमस्कार, मी भूजलावर एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. आठ विहिरींच्या पाण्यातलं आर्सेनिक मोजलं, लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये आकडे आले २, ३, ३, ४, ५, ७, ११ आणि ४५. सरासरी १० येते. नेहमीच्या सूत्राने ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी तो पट्टा) काढला तर तो उणे २ ते २२ असा आला. उणे आर्सेनिक कसं असेल? गाइड म्हणाले बूटस्ट्रॅप करून बघ. म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : गणित तुमचं बरोबर आहे, फक्त ते सूत्र असं धरून चालतं की सरासरी तिच्या खऱ्या किमतीच्या दोन्ही बाजूंना सारखीच हलेल, आणि तुमच्या आकड्यांचं तसं नाहीये, सात विहिरी ११ च्या आत आणि एक एकदम ४५ वर. भूशास्त्रात हे नेहमीचंच आहे बरं का, धातूंचं प्रमाण घ्या, मातीतून पाणी झिरपायचा वेग घ्या, एका बाजूला लांब शेपूट असतंच.

बूटस्ट्रॅप असा करतात. आठ चिठ्ठ्यांवर आठ आकडे लिहून डब्यात टाकले असं समजा. एक काढायची, आकडा लिहून घ्यायचा, चिठ्ठी परत डब्यात टाकायची, मग पुढची काढायची, असं आठ वेळा. चिठ्ठी परत टाकतो त्यामुळे काही विहिरी दोनदा-तीनदा येतात आणि काही येतच नाहीत. उदाहरणार्थ एका खेपेला ३, ३, ४५, २, ७, ४५, ४, ३ आले तर सरासरी १४, दुसऱ्या खेपेला २, ५, ३, ११, ३, ४, ७, ५ आले तर सरासरी ५. हे कॉम्प्युटरवर दहा हजार वेळा करायचं, दहा हजार सरासऱ्या चढत्या क्रमाने लावायच्या, खालच्या अडीच टक्के आणि वरच्या अडीच टक्के सोडल्या की मधे उरतो तो तुमचा ९५ टक्क्यांचा इंटरव्हल. ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९७९ साली ही पद्धत मांडली. त्यामागचा विचार असा, की खऱ्या जगात परत परत जाऊन आठ-आठ विहिरी मोजणं आपल्याला शक्य नाही, तेव्हा हातातल्या सँपललाच ते जग मानायचं आणि त्यातून परत परत सँपल काढून सरासरी किती हलते ते बघायचं.

तुमच्या डेटावर इंटरव्हल साधारण साडेतीन ते साडेवीस येतो, उणे आकडा येऊच शकत नाही कारण डब्यात उणे चिठ्ठी नाही. पण इथेच थांबू नका, त्या दहा हजार सरासऱ्यांचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणती किंमत किती वेळा आली ते दाखवणारा खांबांचा आलेख, काढा. तो एक गुळगुळीत डोंगर दिसणार नाही, ५, १०, १५ आणि २० च्या आसपास वेगवेगळे उंचवटे दिसतील. ४५ वाली विहीर साधारण ३४ टक्के खेपांमध्ये येतच नाही, तिथे सरासरी ५ च्या आसपास राहते, ३९ टक्क्यांत एकदा येते, २० टक्क्यांत दोनदा, आणि उरलेल्या ७ टक्क्यांत तीन किंवा जास्त वेळा, आणि ती जितक्या वेळा येईल तितक्या वेळा सरासरी पाच-पाचने वर सरकते. म्हणजे तुमची सगळी अनिश्चितता एका विहिरीवर टांगलेली आहे! हे त्या उणे २ ते २२ मधून कधीच कळलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा १० आहे, तुमच्या खेपांपैकी निम्म्याहून थोड्या कमी खेपांत सरासरी तिच्या वर जाते, तेव्हा या आठ विहिरींवरून इकडचा किंवा तिकडचा निकाल देऊ नका, त्या एका विहिरीचं पाणी परत तपासा आणि तिच्या आजूबाजूच्या आणखी विहिरी मोजा. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, साडेचार आहे तोही सोबत द्या.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आठच आकडे असले की असा साधा बूटस्ट्रॅप इंटरव्हल हवा त्यापेक्षा थोडा अरुंदच येतो, बीसीए नावाची सुधारलेली पद्धत बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते ती वापरून बघा, तरी आठचे ऐंशी काही होत नाहीत. आणि दुसरी जास्त महत्त्वाची, या आठ विहिरी निवडल्या कशा? पाण्याबद्दल तक्रारी होत्या म्हणून त्याच निवडल्या असतील तर बूटस्ट्रॅपला ते कळायला मार्ग नाही, तो डब्यातल्या चिठ्ठ्याच बघतो. सँपल जसं गोळा केलं तसंच रीसॅम्पल करायचं हा या पद्धतीचा गाभा आहे, पुढच्या उत्तरांमध्येही तो सारखा येईल.

प्रश्न : किती वेळा रीसॅम्पल करायचं? कोणी २०० म्हणतं, कोणी १० हजार, एकाने तर दहा लाख सांगितले.

उत्तर : फक्त स्टँडर्ड एरर, म्हणजे खेपांगणिक सरासरी साधारण किती हलते तेवढा एकच आकडा, हवा असेल तर दोनेकशे पुरतात, इंटरव्हलची टोकं हवी असतील तर एक-दोन हजारांच्या खाली जाऊ नका, आणि आजच्या कॉम्प्युटरवर दहा हजार काही सेकंदांचं काम आहे मग कंजुषी कशाला. दोन वेगवेगळे सीड (कॉम्प्युटरचे रँडम आकडे कुठून सुरू करायचे ते ठरवणारा आकडा) देऊन चालवा, इंटरव्हल जिथपर्यंत छापणार आहात त्या अंकापर्यंत जुळला की बस. दहा लाख केल्याने डेटा वाढत नाही, फक्त रँडमपणामुळे होणारी थरथर कमी होते.

प्रश्न : आम्ही एका ग्रॅनाइटच्या सहा उघड्या भागांवरून प्रत्येकी दहा तुकडे आणले, एकूण ६० विश्लेषणं. ६० आकडे धरून बूटस्ट्रॅप केला तर एरर इतका छोटा आला की आम्हीच खूश झालो, पण रिव्ह्यूअरने विचारलं की ६० सँपल की ६? शिवाय लॅबच्या मशिनचा एरर यात वेगळा मिळवायचा का?

उत्तर : रिव्ह्यूअरचा प्रश्न अगदी योग्य आहे. एकाच जागेवरून हातोड्याने काढलेले दहा तुकडे एकमेकांचे सख्खे भाऊ असतात, एक कळला की बाकीचे बरेचसे कळले. खडकातला फरक मुख्यतः एका उघड्या भागापासून दुसऱ्यापर्यंत असेल आणि एकाच भागातले तुकडे जवळपास सारखेच असतील, तर तुमच्याकडे माहिती खरं तर सहाच सँपलची आहे, आणि ६० धरल्यामुळे एरर बार (आलेखात आकड्याभोवती काढतात ती अनिश्चिततेची रेघ) तिपटीहून जास्त लहान दिसतोय. त्यामुळे आधी सहा भागांमधून सहा भाग परत टाकून निवडायचे, आणि निवडलेला भाग त्याच्या दहाही तुकड्यांसकट उचलायचा. काहीजण आतले तुकडेही परत रीसॅम्पल करतात, भाग कमी असताना मला पहिला मार्ग जास्त साफ वाटतो. यात इंटरव्हल मोठा येईल, येऊ द्या. आणि सहातून सहा निवडायचे वेगवेगळे संच ४६२ च होतात, त्यामुळे याही इंटरव्हलकडे अंदाज म्हणूनच बघा. पुढच्या सीझनला जाल तेव्हा सहा जागी दहा तुकड्यांऐवजी वीस जागी तीन तुकडे आणा, विश्लेषणाचा खर्च तेवढाच आणि माहिती कितीतरी जास्त.

खडकाचं संपूर्ण रासायनिक विश्लेषण असेल तर आणखी एक काळजी घ्या, ऑक्साइडची बेरीज १०० टक्क्यांच्या आसपास बांधलेली असते, त्यामुळे सिलिका एका तुकड्याची आणि मॅग्नेशिया दुसऱ्याची असं वेगवेगळं उचलू नका, अख्खी ओळ एकत्रच उचला, नाहीतर निसर्गात नसलेले खडक तयार होतील.

मशिनच्या एररबद्दल मात्र जरा सांभाळून, त्याचे दोन प्रकार आहेत. प्रत्येक रीडिंगला वेगळा येणारा रँडम एरर तुमच्या आकड्यांच्या पसाऱ्यात आधीच मिसळलेला असतो, तो परत वरून टाकला तर दोनदा मोजला जातो. पण कॅलिब्रेशनचा एरर, म्हणजे ज्या स्टँडर्डशी मशिन जुळवलं त्याच्याच किमतीतली अनिश्चितता, ती सगळ्या साठ आकड्यांना एकदमच वर किंवा खाली ढकलते, आकड्यांच्या पसाऱ्यात ती दिसतच नाही. ती वेगळी घ्यावी लागते, प्रत्येक खेपेला तिचा एक रँडम आकडा काढायचा आणि त्या खेपेच्या सगळ्या किमतींना तोच लावायचा.

प्रश्न : समुद्रपातळीचे ६० वर्षांचे वार्षिक आकडे घेऊन मी सरळ रेषेचा कल काढला. कलाचा एरर काढायला वर्षं रँडम उचलून बूटस्ट्रॅप केला, एरर अगदी नगण्य आला. मित्र म्हणतो वर्षं अशी सुटी उचलायचीच नसतात. का बरं?

उत्तर : मित्राचं ऐका. एखाद्या वर्षी पातळी कलाच्या वर असली तर पुढच्या वर्षीही ती वर असण्याची शक्यता जास्त असते, कारण समुद्राच्या पाण्याची उष्णता, वाऱ्यांची घडी, प्रवाह हे सगळं एकतीस डिसेंबरला पुसलं जात नाही. सुटी वर्षं उचलली की शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधलं हे नातं तुटतं आणि बूटस्ट्रॅपला वाटतं की साठही वर्षांनी स्वतंत्र साक्ष दिलीय.

किती फरक पडतो ते बघा. कल वजा केल्यावर उरलेल्या चढउतारात लगतच्या दोन वर्षांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं) ०.६ आहे असं समजा, आणि तो पुढे तसाच घटत जातो. तर प्रभावी सँपल संख्या, म्हणजे स्वतंत्र धरता येतील अशी वर्षं किती, काढायला एकूण संख्येला १ वजा ०.६ ने गुणायचं आणि १ अधिक ०.६ ने भागायचं, ६० वर्षांची होतात १५. एरर जवळपास दुप्पट. तुमचा सहसंबंध किती आहे ते आधी काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यावर सगळं ठरतं.

यावर उपाय आहे ब्लॉक बूटस्ट्रॅप, हान्स क्युन्श यांनी १९८९ मध्ये तो नीट मांडला. एकेक वर्ष न उचलता लागोपाठच्या वर्षांचे तुकडे उचलायचे. तुमच्यासाठी असं करा, आधी कलाची रेषा वजा करून उरलेले चढउतार बाजूला घ्या, सहा वर्षांचा ब्लॉक धरला तर एकावर एक चढणारे असे ५५ ब्लॉक होतात, त्यातून दहा ब्लॉक रँडम उचलून एकापुढे एक जोडले की परत ६० वर्षं, ती मूळ रेषेवर परत बसवायची आणि कल नव्याने काढायचा, हे हजारो वेळा. आकडे महिन्यांचे असते तर अख्खं वर्ष हाच लहानात लहान ब्लॉक धरायचा म्हणजे ऋतूंची घडी मोडत नाही.

सगळे अडतात ते ब्लॉक किती वर्षांचा घ्यायचा यावर, आणि याला एकच ठरलेलं उत्तर नाही. फार लहान घेतला तर नातं तुटतं, फार मोठा घेतला तर वेगवेगळे ब्लॉकच थोडे उरतात. मी तरी सांगेन की ३, ५, ८, १० अशा वेगवेगळ्या लांबी घेऊन इंटरव्हल कसा बदलतो त्याचा आलेख काढा, तो आधी वाढत जातो आणि मग एका ठिकाणी जरा स्थिरावतो, तिथली लांबी घ्या, आणि रिपोर्टमध्ये तो आलेखच द्या म्हणजे वाचणाऱ्याला तुमचा निर्णय दिसतो. पोलिटिस आणि रोमानो यांनी १९९४ मध्ये ब्लॉकची लांबीसुद्धा रँडम ठेवायची पद्धत दिली, तिच्यात लांबीच्या निवडीचा त्रास थोडा कमी होतो.

अजून एक, चंद्राच्या कक्षेमुळे भरती-ओहोटीत १८.६ वर्षांचं एक चक्र असतं, साठ वर्षांत ते जेमतेम तीनदा पुरं होतं. ते कोणत्याच ब्लॉकमध्ये बसणार नाही, म्हणून ते रीसॅम्पलिंगवर न सोडता कलाच्या मॉडेलमध्येच वेगळं घालून बघा.

प्रश्न : नदीच्या ५० वर्षांच्या सर्वांत मोठ्या वार्षिक पुरांचे आकडे आहेत. सगळ्यात मोठ्या पुराची अनिश्चितता बूटस्ट्रॅपने काढली तर हिस्टोग्राममध्ये एकच उंच खांब आला, बाकी जवळपास काही नाही. प्रोग्रॅममध्ये बग आहे का?

उत्तर : प्रोग्रॅम बरोबर चाललाय, ही पद्धतच इथे लागू पडत नाही. ५० मधून ५० उचलताना सर्वांत मोठा पूर किमान एकदा येण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के असते, म्हणजे ६४ टक्के खेपांत महत्तम तोच. आणि त्याच्याहून मोठा पूर तर एकाही खेपेत येणार नाही कारण तो डब्यातच नाहीये. धरण किंवा पूल बांधणाऱ्याला नेमका तोच न आलेला पूर हवा असतो, तेव्हा हा इंटरव्हल कोणाच्या हातात देऊ नका, कृपया.

इथे पॅरामेट्रिक बूटस्ट्रॅप वापरा. वार्षिक महत्तम आकड्यांना टोकाच्या किमतींसाठीचं वितरण (कोणती किंमत किती वेळा येईल ते सांगणारं गणिती सूत्र) बसवा, गुम्बेल किंवा त्याचं तीन पॅरामीटरवालं सर्वसाधारण रूप, मग त्या वितरणातून ५० नवीन वर्षं तयार करा, त्यांना वितरण परत बसवा आणि शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित पूर काढा, हे हजारो वेळा. इंटरव्हल भलामोठा येईल, वरच्या बाजूला तर खूपच, आणि ५० वर्षांवरून १०० वर्षांचं सांगताना तो तसाच असायला हवा. अर्थात निवडलेलं वितरणच चुकीचं असेल तर त्याची अनिश्चितता यात येत नाही, म्हणून दोन वितरणांनी करून बघा.

भूकंपांवर काम करणाऱ्या एका वाचकानेही याच्या जवळचंच विचारलंय. लहान-मोठ्या भूकंपांचं प्रमाण सांगणारी बी-व्हॅल्यू सरासरी मॅग्निट्यूडवरून निघते, केइती आकी यांचं १९६५ चं सूत्र, तिच्यासाठी साधा बूटस्ट्रॅप चालतो. पण कॅटलॉग, म्हणजे नोंदलेल्या भूकंपांची यादी, ज्या मॅग्निट्यूडच्या वर पूर्ण धरलाय ती सीमाही तुम्ही डेटावरूनच ठरवलीय ना, मग प्रत्येक खेपेला ती परत ठरवा, नाहीतर तिची अनिश्चितता हिशेबातून गायब होते. आफ्टरशॉक म्हणजे तर ग्रॅनाइटच्या तुकड्यांसारखंच प्रकरण, एका मोठ्या भूकंपाचं कुटुंब एक घटक म्हणून उचला.

प्रश्न : पुराचुंबकीय (जुन्या खडकांत टिकून राहिलेल्या चुंबकत्वाच्या) दिशांची सरासरी बूटस्ट्रॅपने काढतोय, उत्तरेकडच्या दिशा आहेत पण इंटरव्हल दक्षिणेपर्यंत पसरतोय.

उत्तर : तुम्ही अंशांची साधी सरासरी घेताय. ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते, थेट दक्षिण, खरी दिशा तर उत्तर आहे. प्रत्येक दिशा एकक व्हेक्टर, म्हणजे त्या दिशेचा एक लांबीचा बाण, म्हणून लिहा, घटकांची बेरीज करा आणि त्यातून दिशा काढा, प्रत्येक खेपेत हेच. सूत्र चुकीचं असेल तर ते दहा हजार वेळा चालवून बरोबर होत नाही.

प्रश्न : वाळूखडकातल्या ६० झिरकॉन (खडकाचं वय काढायला वापरतात ते खनिज) कणांची युरेनियम-लेड वयं काढली. एका वयोगटात ३ कण आहेत, एकात फक्त १. हे गट खरे मानायचे का? आणि आणखी एखादा गट आमच्याकडून सुटला असेल तर बूटस्ट्रॅप ते सांगेल का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाला बूटस्ट्रॅप छान उत्तर देतो. ६० कण परत टाकून उचलले तर ३ कणांचा गट साधारण पाच टक्के खेपांत पूर्ण नाहीसा होतो, एका कणाचा गट ३६ टक्क्यांहून जास्त खेपांत. म्हणजे तीन कणांच्या गटाचं प्रमाण ५ टक्के असं लिहिताना सोबत रुंद इंटरव्हल द्यावा लागेल. एका कणावरून गट ठरवू नका, आधी त्या कणावर दुसरा स्पॉट (मशिनचा बीम मारायची दुसरी जागा) घेऊन वय परत येतंय का ते तपासा, लेड निसटल्यामुळे किंवा दोन थरांवर एकदम बीम पडल्यामुळेही असं एकटं वय मिळतं.

दुसऱ्याचं उत्तर नाही असंच आहे. जो गट तुमच्या साठांत आलाच नाही तो कुठल्याही खेपेत येणार नाही. पण त्यासाठी साधं गणित पुरतं, खडकात ५ टक्के असलेला एखादा ठरावीक गट ६० कणांत एकदाही न सापडण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा ६० वा घात, पाच टक्क्यांच्या जरा खाली. मात्र असे गट कितीही असू शकतात आणि त्यातला एकही सुटू नये अशी अट असेल तर ६० कमी पडतात, पीटर व्हर्मेश यांनी २००४ मध्ये दाखवलं की सर्वांत वाईट परिस्थिती धरली तर ९५ टक्के खात्रीसाठी ११७ कण लागतात. तुमच्याकडे माउंटमध्ये (कण बसवलेल्या चकतीत) कण शिल्लक असतील तर मशिनवर आणखी एक सेशन घ्या, आणि या वेळी मोठे, स्वच्छ, सुंदर दिसणारे कण न निवडता माउंटवर एक रेघ धरून तिच्यावर येईल तो प्रत्येक कण मोजा, कारण वयस्कर कण बऱ्याचदा भेगाळलेले आणि गढूळ असतात आणि हाताने वेचताना तेच मागे राहतात.